वळचणीच्या काड्या

आमच्या घराच्या वळचणीत, न्हाणीच्या अंगाला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या खोचलेल्या होत्या. बोटाएवढ्या लांब, साफ तासलेल्या, आणि प्रत्येकीला कापडाची एक चिंधी बांधलेली. नव्या माणसाला वाटायचं, चिमणीनं घरटं घातलं. त्या माझ्या बायकोच्या काड्या होत्या. ती जाऊन आता वीस वर्षं होत आली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चुकेल. चुकलं तर चुकलं. मी माझ्या दारात उभं राहून एक खोटं बोललो होतो, ते माझ्यासंगं जळून जाऊ नये, एवढ्यासाठी लिहितो.

आमचं गाव अनसिंगकडच्या अंगाचं. गावाला पाण्याच्या जागा दोन. एक गावातली बारव, म्हणजे दगडी पायऱ्यांची विहीर. बाया पायऱ्या उतरून खाली जायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि गुंड भरून वर यायच्या. दुसरी नाल्याकाठची विहीर, तीही पायऱ्यांचीच, पण वावरात राबणाऱ्यांची. माणसं, गडी, ढोरं वळणारे, सारे दुपारचे तिथं पाणी प्यायचे.

आणि गावाला नारू होता. आताच्या पोरांना कदाचित ठाऊक नसेल. पायाला आधी फोड यायचा, आग आग व्हायची, मग फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं जनावर तोंड काढायचं. हातभर लांब. ओढलं तर तुटायचं, आणि तुटलं तर पाय सडायचा. म्हणून त्याचं तोंड काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडा थोडा पीळ द्यायचा. वीस दिवस, महिना. हे काम हलक्या हाताचं. आमच्या गावात ते माझी बायको करायची. तिच्या आईकडून आलेलं. कुणाकडून काही घेत नसे. नारू पुरा निघाला की तो चुलीत जाळायचा, पण काडी मात्र फेकायची नाही, जखम सुकेपर्यंत वळचणीत ठेवायची, नाहीतर तो परत येतो, असं आमच्याकडं म्हणत. ती ज्या बाईचा नारू काढायची तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी काडीला बांधायची, ओळखू यावी म्हणून. जखमा सुकल्या तरी काड्या तशाच राहिल्या.

पुरुषांचे नारू न्हावी काढायचा. म्हणजे त्या वळचणीत होते ते सारे बायांचे.

ती एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या मला म्हणाली, “अवो, एक पायलं काय तुमी? नारूवाली बाई बारवेत उतरली का तिची आग थांबते. पाय पान्यात टाकला का फोडातून दुधावानी पांढरं सुटते. अन् मांगची बाई तेच पानी गुंडात भरते.”

मी म्हटलं, “मंग?”

“मंग काय? तेच आपन पितो. दुसऱ्या साली आपल्याले होते.”

“तू डाक्टरीन झाली काय वं?” मी हसलो.

“डाक्टरीन नसंन. पन पाय त पायते नं मी साऱ्या गावाचे.”

त्यानंतर ती ज्याला त्याला सांगायची, बारवेच्या पायऱ्या बुजवा, वरून दोरानं पाणी काढा. पाटलिणीला सांगितलं, देशमुखीणबाईला सांगितलं. बायांनी ऐकलं, पण बायांच्या हातात पायऱ्या बुजवणं नव्हतं. आणि आम्ही पुरुष म्हणत होतो, बापजाद्यांची बारव, ती काहून बुजवायची.

पहिली मोठी लढाई संपून तीन-चार वर्षं झाली असतील. हिवाळ्यात एक माणूस आला. मोठ्या शहराच्या डॉक्टरी कॉलेजात शिकवणारा. आगगाडीनं वाशीमला उतरला, तिथून दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत. अंगानं किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा, आणि सोबत लाकडी पेटीत पितळेची एक नळी. आम्ही त्याला कॉलेजवाला म्हणायचो. माणूस भला होता. चावडीत उतरला, पाटलाच्या घरची पोळी नको म्हणाला, भाकर मागून खायचा. त्याला अभ्यास करायचा होता नारूचा. तो म्हणाला, “सरकार या भागातल्या विहिरी बांधून देणार आहे. पण एका गावात एकच. कोणती बांधायची हे सरकारला आम्ही शोधून सांगायचं.”

पाटलानं माझ्याकडं बोट दाखवलं. “हा वाचतो. हा तुमाले घरोघर नेईल.”

तर मी त्याच्यासंगं हिंडलो. आठ दिवस. तो दारात उभा राहायचा, हातात छापील कागद, आणि घरच्या माणसाला विचारायचा. वय काय, काम काय, पाणी कुठलं पिता, नारू कधी झाला. माणसं सांगायची. मले झाला, माह्या भावाले झाला, या पायाले, त्या पायाले. धोतर वर करून व्रण दाखवायची. मग कॉलेजवाला विचारायचा, “घरात बायकांना?”

“नाही साहेब.”

एका घरात नाही, दोन घरांत नाही, साऱ्या गावात नाही. मी बाजूला उभा. मला ठाऊक होतं ना! त्या घरच्या सुनेची काडी आमच्या वळचणीत होती, हिरव्या चिंधीची. त्या दुसऱ्या घरच्या सासूची, काळ्या काठाची. मी काही बोललो नाही.

आता कुणी म्हणेल, काहून नाही बोलले? अरे बाप्पा, घरच्या बाईचा पाय परक्या माणसाच्या कागदावर चढवायचा? नारू नुसता घोट्यालाच निघतो असं नाही, मांडीला निघतो, छातीला निघतो. ते दारात उभं राहून कोण सांगेल? त्यात घरी लग्नाच्या पोरी. त्या गावच्या बायांना नारू असते म्हटलं की सोयरीक मोडली. आणि प्लेगाच्या सालातली भीती कोणाची गेली नव्हती. तेव्हाही असेच कागद घेऊन लोक आले होते आणि आजारी बायांना उचलून गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं होतं. काही परत आल्या, काही नाही आल्या.

हे सारं खरं आहे. पण हे मी गावाचं सांगतो. माझं सांगायचं राहिलं.

आठव्या दिवशी आमच्या घराची पाळी. कॉलेजवाला ओसरीवर बसला. बायकोनं आतून ताक पाठवलं, नव्हे, स्वतः आणून ठेवलं आणि दाराआड उभी राहिली. त्या साली तिच्या स्वतःच्या घोट्याला नारू होता. फडकं बांधलं होतं. स्वतःचा नारू ती स्वतःच गुंडाळायची.

कॉलेजवाल्यानं विचारलं, “तुम्हाला?”

“दोन साल झाले. डाव्या पायाले.”

“घरात बायकांना?”

मी म्हटलं, “नाही साहेब.”

त्यानं कागदावर लिहिलं. मी दाराकडं पाहिलं नाही. तरी मला कळलं की ती तिथंच आहे, कारण फडक्याला लावलेल्या लिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

तो गेल्यावर ती बाहेर आली. फडकं सोडलं, पाय माझ्यापुढं केला आणि म्हणाली, “माह्या पायात काय हाय मंग? सुतळी?”

“परक्या मानसाले सांगाचं काय?”

“तो परका आपल्या इहिरीसाठीच आला नं? मले एक सांगा, साऱ्या गावानं असंच सांगतलं काय?”

मी ताकाचा रिकामा पेला उचलला.

“म्हंजे कागदावर नुसते मानसं, बाई एक नाही. मंग तो काय समजंन? का नारू वावरातून येते. अन् सरकार नाल्याकाठची इहीर बांधंन. बारव तशीच राहीन.” ती खाली बसली. “तुमी जा, चावडीत जा, अन् त्याले सांगा. माहं नका सांगू. पिंजाऱ्याच्या घरचं सांगा.”

पिंजाऱ्याची बायको, तिला सारं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. मुसलमान घर, गोषा पाळणारं. खाला कधी वावरात गेली नाही, कधी बारवेत उतरली नाही. पिंजारी स्वतः कावड भरून पाणी घरात आणायचा, बारवेचं. आणि खालेला नारू दोनदा झाला होता. माझ्या बायकोनंच काढला. म्हणजे एवढं एकच घर सांगितलं असतं तरी कॉलेजवाल्याला कळलं असतं, की जी बाई उंबरठ्याबाहेर पडली नाही तिला नारू कुठून आला.

मी चावडीवर गेलो नाही. म्हटलं, दुसऱ्याच्या गोषातल्या बाईचा पाय मी कसा सांगू.

दुसऱ्या दिवशी कॉलेजवाल्यानं मारुतीच्या पारावर ती पितळेची नळी मांडली. दोन्ही विहिरींचं पाणी दोन वाट्यांत. एकेकाला म्हणायचा, “या, डोळा लावा.” नळीतून पाहिलं की थेंबात किडे पळताना दिसायचे, उवांसारखे. पाटील मागं सरकला. न्हावी म्हणाला, “साहेब, एवढे मोठे किडे अन् आमच्या घशात अडकले कसे नाही?” सारे हसले. कॉलेजवालाही हसला आणि मग समजावून सांगितलं, हे किडे नारूचं बीज गिळतात, आपण किडे गिळतो. पाणी फडक्यानं गाळून प्या. दोन्ही वाट्यांत किडे होते. तेव्हा विहीर कोणती, हे कागदावरूनच ठरणार होतं.

बाया लांब उभ्या. मग माणसं पांगल्यावर माझी बायको पुढं आली. कॉलेजवाल्यानं तिला ओळखलं, ताक दिलं होतं ना. म्हणाला, “या बाई, तुम्हीही पाहा.” तिनं पदर सावरला, वाकली, डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. उठली तेव्हा तिचं तोंड वेगळंच झालं होतं. रडायला आल्यासारखं आणि हसायला आल्यासारखंही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मी सांगत होती तेच हाय. सांगा नं त्याले आता.”

कॉलेजवाल्यानं विचारलं, “काय म्हणतात बाई?”

मी म्हटलं, “काही नाही साहेब. घाबरली.”

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याचा मोठा साहेब आला, दौऱ्यावर. त्याच पारावर सतरंजी, खुर्ची. कॉलेजवाला पुन्हा आला होता. त्यानं उभं राहून आमच्या भाषेत आपलं म्हणणं वाचून दाखवलं. या गावी नारू शेतात काम करणाऱ्या पुरुषांना होतो, घरातल्या बायकांना होत नाही, म्हणून तो नाल्याकाठच्या विहिरीतून येतो, ती विहीर आधी बांधावी. हे वाचून झाल्यावर त्यानं कागद खाली केला आणि म्हणाला, “मी चुकत असेन. गावकऱ्यांनी सांगावं. हे बरोबर आहे का?”

मला आजवर दुसरा शिकलेला माणूस असं विचारताना दिसला नाही.

पाटील म्हणाला, “बरोबर हाय साहेब.” त्याच्यामागून सारे. मीही. पाव्हणा माणूस, मोठ्या साहेबासमोर उभा, त्याला खोटं पाडायचं कसं? आमच्याकडं ते होत नाही. आठ दिवस त्यानं आमची भाकर खाल्ली होती.

तेवढ्यात मागून बायांतून आवाज आला. “गोषातल्या बाया कवा गेल्या वावरात?”

ती होती. साहेबानं मान वळवली. कॉलेजवाल्यानंही. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “चूप बस वं. मानसाईत बोलते!”

ती चूप बसली. मोठ्या साहेबानं घड्याळ पाहिलं. ठरलं.

पावसाळ्याच्या आत नाल्याकाठच्या विहिरीच्या पायऱ्या बंद झाल्या. वर दगडी कठडा, त्यावर गडगडी, दोर, लोखंडी डोल. छान काम झालं. आम्ही पुरुष वावरात स्वच्छ पाणी प्यायला लागलो. आणि संध्याकाळी घरी येऊन बारवेचं.

त्या दिवसानंतर तिनं बारवेचं नाव काढलं नाही. रागावली असंही नाही. भाकर तशीच द्यायची, बोलायची तशीच. फक्त वळचणीत नवी काडी खोचली की तिथूनच म्हणायची, “आनखी एक वावरात न गेलेली.” मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. पाणी ती दुहेरी फडक्यानं गाळायची. पण घरचं गाळलं, तरी वावरात, बाजारात, तेरवीला, दुसऱ्याच्या घरचा पेला हातात आला तर काय करणार?

दुसऱ्या साली तिला गुडघ्यात नारू झाला. तो बाहेर निघालाच नाही, आतच मेला. गुडघा धरला तो धरलाच. लंगडत लंगडत बारवेच्या पायऱ्या उतरायची. मी एकदा म्हटलं, “मी आनतो पानी.” तर म्हणाली, “तुमी आनसान त लोक हासतीन.” आणि मी आणलं नाही. लोक हसतील म्हणून. हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या साली दुसऱ्या पायाला, टाचेवर. तो मात्र चांगला निघत होता, रोज दोन-दोन बोटं. माघाच्या महिन्यात ती पायऱ्यांवर घसरली आणि तो तुटला. पाय सुजला, ताप भरला. मी वाशीमहून दवाखान्यातली पट्टी, औषध आणलं. आठव्या दिवशी तिला तोंड उघडेना. दात घट्ट बसले. पाठीची कमान व्हायची. मी चमच्यानं पाणी घालायचो ते गालावरून ओघळायचं. खाला आली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडली, बुरखा घालून, दिवसाउजेडी, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

दुपारी सगळं संपलं. लोकांना पाणी पाजायला शेजारच्या बाया बारवेतून गुंड भरून आणत होत्या.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कॉलेजवाला परत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. विहीर बांधून नारू कमी झाला का ते पाहायला आला होता. झाला नव्हता. त्याला कोडं पडलं होतं. पुन्हा तेच छापील कागद, पुन्हा माझ्या ओसरीवर. इकडं तिकडं पाहून म्हणाला, “त्या बाई कुठं आहेत? ताक दिलं होतं मला.”

मी म्हटलं, “गेली.”

“कशानं?”

“नारूनं.”

त्याचा हात कागदावरच राहिला. मला एकदम राग आला. कुणाचा ते माहीत नाही. मी म्हटलं, “तुमी शिकलेले मानसं. नळीतून किडा दिसते तुमाले, अन् दाराआडची बाई नाही दिसत? तिच्या पायाले फडकं होतं. तुमी काहून नाही इचारलं तिले?”

त्यानं कागद बाजूला ठेवला. मग हळू म्हणाला, “मी विचारलं होतं. तुम्हाला विचारलं होतं.”

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी उठलो. न्हाणीकडं गेलो आणि वळचणीतल्या काड्या एकेक करून काढल्या. ओंजळ भरली. ओसरीवर त्याच्यापुढं ठेवल्या. काय आहे ते सांगितलं. काडी म्हणजे एक नारू, चिंधी म्हणजे एक बाई. मी मोजल्या नाहीत. त्यानं मोजल्या, दोनदा, आणि चष्मा काढून पुसत बसला.

“कोणती कोणाची, हे कोण सांगेल?”

ते सांगणारी गेली होती. मला चार-दोन ओळखू आल्या असत्या. मग मला खाला आठवली, गावच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी, प्रत्येकीचं कापड ओळखणारी. मी पिंजाऱ्याच्या घरी गेलो, त्याच्या पाया पडलो म्हटलं तरी चालेल. तो तयार झाला, पण पडद्याआडून. त्याच्या अंगणात बाज टाकली, दाराला चादर बांधली. कॉलेजवाला बाजेवर बसला, काड्या एकेक करून चादरीखालून आत सरकवायचा. आतून खालेचा आवाज यायचा.

“ये मेरी है. ये भी मेरी, दूसरे साल की. ये देशमुखीनबाई की, ये हिरवी उनकी बड़ी बहू की.”

“या बाया शेतात जातात?” कॉलेजवाला विचारायचा.

“कायका खेत, बेटा! इनके पाँव ने मट्टी नहीं देखी.”

तासभर चाललं ते. तो प्रत्येक काडीला कागदाचा तुकडा बांधून त्यावर लिहायचा. एक काडी आत गेली आणि आवाज थांबला. मग चादरीखालून ती काडी परत बाहेर आली. जांभळ्या चिंधीची. खाला म्हणाली, “ये उसकीच है. खुद की. इसकू मत लिखो, भाई को दे दो.”

कॉलेजवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “लिहा. सगळ्यात आधी ती लिहा.”

मग तो मला घेऊन मोठ्या साहेबाकडं गेला. तोच साहेब, कचेरीत. काड्या एका डब्यात. साहेबानं डब्यात पाहिलं आणि नाक मुरडलं. म्हणाला, “तुम्हीच सांगितलं ती विहीर बांधली. त्या गावाचं खातं बंद झालं. आता तुम्हीच म्हणता चुकलं?”

“हो,” कॉलेजवाला म्हणाला. “चुकलं. माझ्या निष्कर्षात चूक होती. मी ती लिहून देतो, तुमच्याकडंही आणि माझ्या कॉलेजातही.”

त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या वयाच्या, त्याच्या मानाच्या माणसाला ते बोलणं किती जड गेलं असेल. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, याच्या चुकीत माझी चूक लपून राहते आहे, आणि राहिली तर सोपं आहे. कोणी मला विचारलंही नव्हतं.

मी पुढं झालो. “साहेब, त्यायनं नाही चुकवलं. त्यायले खोटं सांगतलं. मी सांगतलं, गावानं सांगतलं. माह्या घरात नारू होता अन् मी नाही म्हनलो. ती बाई पारावर बोलली ते खरं होतं.”

“कोण बाई?” साहेबाला आठवत नव्हतं.

“माही बायको.”

“मग तिला घेऊन या. तिचं म्हणणं लिहून घेऊ,” साहेब कागदांकडं पाहत म्हणाला.

कॉलेजवाल्यानं साहेबाला इंग्रजीत काही सांगितलं. साहेबानं मान वर केली, मला खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

तरी हुकूम लगेच निघाला नाही. दोन उन्हाळे गेले. कॉलेजवाला पत्रं लिहीत राहिला, त्याचं बारीक अक्षर मला लागायचं नाही, शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घ्यावी लागायची. तो दर वेळी लिहायचा, पाठपुरावा चालू आहे. त्या दोन सालांत गावात आणखी बाया लंगडल्या. त्यांचे नारू आता सुईणच जमेल तसे काढायची. त्या वळचणीत काडी लावायला कोणी आलं नाही.

शेवटी गवंडी आले. बारवेच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या, कठडा घातला, गडगडी लावली. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी मी गुंड घेऊन खाली उतरलो. बाया बाजूला झाल्या, एकीनं तोंडावर पदर घेतला, हसली असेल. मी गुंड भरला आणि वर आणला. एवढं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. पायऱ्या मोजून नाही पाहिल्या. मधे दोनदा थांबलो. धरलेल्या गुडघ्यानं ती कशी चढत असेल?

तीन-चार वर्षांत नारू गावातून गेला.

कॉलेजवाल्यानं पुढं एक छापील पुस्तिका पाठवली, इंग्रजीत. मास्तरांनी वाचून सांगितली. त्यात आमच्या गावचं होतं, काड्यांचं होतं, आणि लिहिलं होतं की हे सारं ज्ञान तिथल्या एका स्त्रीजवळ आधीच होतं, ते आम्ही विचारलं नाही. मास्तर म्हणाले, “नाव मात्र दिलेलं नाही.” ते त्याच्यामुळं नव्हे. कचेरीतून निघताना त्यानं मला तिचं नाव विचारलं होतं. परक्या माणसापुढं बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, “घरची म्हना.” तो लिहिता लिहिता थांबला, आणि पुढं काही विचारलं नाही.

आता दुसरी लढाई चालू आहे. गेल्या महिन्यात पुन्हा कॉलेजातला एक जण आला, तरणा. हातात छापील कागद. लहान लेकरं काय खातात, किती दिवस अंगावर पितात, कोणती मरतात, याचा अभ्यास. त्याच ओसरीवर बसला आणि मलाच विचारायला लागला. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, तसं.

सून दाराआड उभी होती. तिचं एक लेकरू मागल्या साली गेलं.

मी म्हटलं, “मले काहून इचारता? मी का दूध पाजलं? तिले इचारा.”

तो पोरगा गोंधळला. सून माझ्याकडं पाहू लागली, हे खरंच म्हणतात की काय म्हणून. मी म्हटलं, “ये बाहेर. बस इथं. जे झालं ते सांग, अन् मी हाय म्हनून काही गाळू नको.”

तरी ती बोलेना. म्हणून मी उठलो, काठी घेतली आणि बारवेकडं गेलो. कठड्याला टेकून बसलो. बाया दोर ओढत होत्या. खालच्या पायऱ्या आता वरून दिसत नाहीत. एकजण म्हणाली, “बुढेबाबा, सरका जरा, पानी उडंन आंगावर.” मी सरकलो. बराच वेळ तिथंच बसलो. लवकर घरी गेलो असतो तर ती मधेच थांबली असती.